साइनची साक्ष

चि. सई,



तुझी मेल मिळाली, सोबतचा कोडही वाचला. समलंब चौकोनाच्या नियमाचं फंक्शन नेटकं लिहिलं आहेस. ० ते पाय या टप्प्यात साइनचं इंटिग्रेशन शंभर पट्ट्या घेऊन केलंस, १.९९८८५ आलं. खरं उत्तर २, म्हणून तू खूश. मग ० ते १ मध्ये एक्सच्या वर्गाचं केलंस आणि आलं ०.३२३५४९. यायला हवं होतं ०.३३३३ च्या आसपास. "साइनला चालतं आणि साध्या वर्गाला चालत नाही, म्हणजे पायथनच काहीतरी गडबड करतंय का?" असं विचारलं आहेस. पायथनवर आळ घेऊ नकोस. चूक तुझ्याच एका ओळीत आहे, आणि साइनच्या वेळीही ती तिथेच बसली होती.

कोणती ओळ ते सांगेन, पण थोडं थांब. ओळ सांगून मोकळी झाले तर जर्नलमधला हा प्रयोग सुटेल आणि सिम्प्सनच्या नियमाला तू पुन्हा याच जागी अडशील. चॅटजीपीटीला विचारलं असतंस तर त्याने दोन सेकंदांत ओळ दुरुस्त करून दिली असती. तू आत्याला विचारलंस, आता भोग.

पायथन लाल अक्षरांत ओरडला तर ते भाग्य समजावं. सगळ्यात खालची ओळ आधी वाचायची, मग वर चढत आपली ओळ गाठायची. बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं. वहीतल्यासारखं '२एक्स' लिहिलंस, गुणाकाराचा तारा विसरलीस, तर तो जागीच अडवतो. घातासाठी टोपीचं चिन्ह वापरलंस आणि संख्या पूर्णांक असल्या, तर मात्र तो काही बोलत नाही: ५ टोपी २ याचं उत्तर तो बिनदिक्कत ७ देतो, कारण पायथनमध्ये ते चिन्ह बिट्सच्या एक्सऑरचं आहे. घाताला दोन तारे लागतात. फंक्शनमध्ये रिटर्नऐवजी प्रिंट लिहिलं की उत्तर पडद्यावर दिसतं आणि हातात 'नन' येतं. या गोष्टी एकदा ठेच लागली की लक्षात राहतात, त्यावर जास्त शाई खर्च करत नाही.

छळतो तो मुकाट चुकणारा कोड. तो शेवटपर्यंत सुरळीत चालतो आणि सहा दशांश स्थळांपर्यंत चुकीचं उत्तर देतो. अशा वेळी तू जे केलंस तेच सगळे करतात. कोडकडे टक लावून बघत बसायचं, मग एक ओळ बदलून बघायची, मग दुसरी. सई, कोडकडे बघून चूक दिसत नाही, कारण तू तो वाचत नसतेस. तुला जे लिहायचं होतं ते वाचत असतेस. कोडला प्रश्न विचारायचे असतात, आणि असे प्रश्न, ज्यांची उत्तरं तुला कागदावर आधीच माहीत आहेत.

कोणते प्रश्न विचारायचे, इथेच खरी मेख आहे. तू निवडलेला ० ते १ हा टप्पा मला अजिबात आवडलेला नाही. त्यात सुरुवात, म्हणजे तुझा ए, शून्य आहे, त्यामुळे 'ए + आय गुणिले एच'ऐवजी नुसतं 'आय गुणिले एच' लिहिलं असतंस तरी फरक पडला नसता. लांबी एक आहे, म्हणजे कुठे 'बी वजा ए'ने गुणायचं राहिलं तरी खपून जातं. आणि एक्सचा वर्ग शून्यापाशी शून्यच, त्यामुळे डाव्या टोकाला काहीही गोंधळ घातलास तरी तो दिसणार नाही. शून्य आणि एक या संख्या चुका पोटात घालणाऱ्या आहेत. तपासणीला त्या घेऊ नयेत.

२ ते ५ घे. फंक्शन तेच, एक्सचा वर्ग. कागदावर उत्तर सुटसुटीत येतं: १२५ वजा ८, भागिले ३, म्हणजे ३९. आता पट्ट्या शंभर नको, फक्त तीन. शंभर पट्ट्यांचं गणित तू हाताने करणार नाहीस, तीनचं करशील. बिंदू २, ३, ४, ५. त्यांचे वर्ग ४, ९, १६, २५. टोकाच्या दोघांची निम्मी बेरीज १४.५, त्यात ९ आणि १६ मिळवले की ३९.५. पट्टीची रुंदी, म्हणजे एच, १, म्हणून हेच उत्तर. ३९ पेक्षा अर्ध्याने जास्त, आणि तसंच असायला हवं: वरच्या बाजूला वळणाऱ्या वक्रावर सरळ रेषेची झाकणं ठेवली की ती वक्राच्या वरूनच जाणार.

तुझा कोड याच प्रश्नाला २३.५ म्हणतो. मी चालवून पाहिला. ३९.५ मधून २३.५ गेले, उरले १६. हे १६ कोण, हे सांगायला नको. एक्स ४ असतानाचा बिंदू तुझ्या बेरजेत आलाच नाही.

आता फॉरच्या आत एक प्रिंट टाक, आय आणि एक्स दोन्ही छाप. यात कमीपणा मानू नकोस, डीबगरची सगळी आयुधं हाताशी असलेले लोकही आधी प्रिंटच टाकतात. तुला एकच ओळ छापलेली दिसेल, आय = १. दोन कुठे गेला? तुझी ओळ बघ: रेंज(१, एन - १). मधले बिंदू १ पासून एन - १ पर्यंत असतात हे तुला पक्कं माहीत होतं आणि तू ते जसंच्या तसं लिहिलंस. पण पायथनची रेंज शेवटचा आकडा घेत नाही. रेंज(१, एन) म्हटलं की ती एन - १ ला थांबते; रेंज(१, एन - १) म्हटलं की एन - २ लाच. डायक्स्ट्रा नावाच्या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये एक छोटं टिपण लिहून अशा मोजणीची बाजू मांडली होती: खालचं टोक धरावं, वरचं सोडावं, म्हणजे दोन टोकांची वजाबाकी हीच नगांची संख्या होते. युक्तिवाद चोख आहे. शाळेत 'एक ते दहा' म्हणताना दहा धरायला शिकलेल्या मुलीला तो पचायला वेळ लागतो, इतकंच.

त्यातही एका हाताला बोटं पाच आणि बोटांमधल्या फटी चार, हा जुना घोळ आहेच. एन पट्ट्यांना एन + १ बिंदू लागतात. फॉर लिहिताना आपण आत्ता फटी मोजतोय की बोटं, हे दर वेळी स्वतःला विचारायचं.

पण एन = ३ वर विसंबून निदान करू नकोस, याचं कारण सांगते. समज तुझी रेंज बरोबर होती पण रिटर्नची ओळ एक टॅब आत सरकून फॉरच्या पोटात गेली होती. मग फंक्शन पहिल्याच फेरीनंतर बाहेर पडलं असतं: १४.५ आणि ९, म्हणजे २३.५. तेच उत्तर! दोन वेगळे आजार, लक्षण एकच. एन = ६ केलं की फरक उघडा पडतो. तुझी रेंजची चूक २९ देते, रिटर्नची चूक १०.३७५. बाराला तुझं ३३.३९ होतं, रिटर्नवाल्याचं आणखी घसरतं आणि शेवटी शून्याकडे जातं. म्हणून एक आकडा कधीच पुरत नाही, आकड्यांची चाल बघावी लागते.

या पत्रातलं मला मुख्य सांगायचं आहे ते हेच. उत्तर किती चुकलं यापेक्षा, पट्ट्या दुप्पट केल्यावर चूक कशी कमी झाली, हे बघ. समलंबाचा नियम नीट लिहिला असेल आणि फंक्शन गुळगुळीत असेल तर पट्ट्या दुप्पट केल्यावर चूक चौपटीने कमी होते. आपल्याच उदाहरणात दुरुस्त कोड ३९.५, ३९.१२५, ३९.०३१२५ असा जातो, म्हणजे चूक ०.५, ०.१२५, ०.०३१२५. दर वेळी भागिले चार. तुझ्या कोडची चूक १५.५, १०, ५.६ अशी आहे, आणि पुढे पुढे तिचं गुणोत्तर दोनाजवळ जातं. ० ते १ च्या तुझ्या मूळ गणितात १०० पट्ट्यांना चूक ०.००९७८ होती, २०० ला बघ, ०.००४९५ मिळेल. दोन आलं की समजायचं, एका पट्टीइतकं काहीतरी सुटलंय किंवा जास्तीचं आलंय, आणि ते बहुधा टोकापाशी. टोकांना निम्मं करायला विसरलीस तरी दोनच येतं.

चूक कमीच होत नसेल, उत्तर भलत्याच आकड्यावर जाऊन स्थिरावत असेल, तर मोजणी ठीक पण सूत्रच चुकलंय. 'ए +' विसरलेला कोड आपल्या गणितात ३९ ऐवजी ९ कडे जातो, कारण तो बिचारा इमानदारीने ० ते ३ चं इंटिग्रेशन करत असतो. पट्ट्या दुप्पट केल्यावर उत्तरच दुप्पट होत असेल तर शेवटी एचने गुणायचं राहिलं. सिम्प्सनला हेच गुणोत्तर १६ येतं, तेव्हा पुढच्या आठवड्यात सोळाची वाट बघ. शिवाय सिम्प्सन घन फंक्शनलाही अचूक उत्तर देतो: २ ते ५ मध्ये एक्सच्या घनाचं १५२.२५, अगदी दोन पट्ट्यांतसुद्धा. तिथे ४ आणि २ या गुणकांची अदलाबदल झाली असेल किंवा एन विषम घेतलास तर ते लगेच फिसकटतं.

आता साइनकडे ये, कारण तुझा खरा प्रश्न तोच होता. ० आणि पाय या दोन्ही टोकांना साइन शून्य, आणि टोकाच्या शेजारीही अगदी पिटुकलं. तू जो बिंदू गाळलास तिथे साइनची किंमत जवळजवळ एचइतकीच आहे. तिला एचने गुणलं की गेलेला माल एचच्या वर्गाइतका. समलंब नियमाची स्वतःची चूक इथे एचच्या वर्गाच्या एक षष्ठांश, म्हणजे तुझ्या चुकीने केलेलं नुकसान नियमाच्या नुकसानाच्या सहापट होतं. पण दोन्ही एचच्या वर्गाच्याच चालीने कमी होतात. तू साइनवर दुपटीचा प्रयोग केला असतास तरी चारच आलं असतं आणि कोड पास झाला असता. दुरुस्त कोड शंभर पट्ट्यांत १.९९८८५ देत नाही, तो १.९९९८४ देतो. पण २ च्या शेजारी दोन्ही बरेच दिसतात, आणि आपण 'बरंच जवळ आलं' म्हणून पुढे जातो. ० ते दोन पाय घेतलं असतंस तर आणखी वाईट: तिथे उत्तर शून्य, आणि शून्य तर अर्धामुर्धा कोडसुद्धा देईल. ज्याच्या टोकांना शून्य आहे असा साक्षीदार टोकाच्या चुकीबद्दल काय सांगणार?

त्यापेक्षा साक्षीला स्थिर फंक्शन बोलाव. एफ म्हणजे नेहमी १. इतकं बावळट फंक्शन कोण तपासतं, असं तुला वाटेल. २ ते ५ मध्ये उत्तर ३ आलंच पाहिजे, जवळपास नव्हे, नेमकं. दहा पट्ट्यांना तुझा कोड २.७ देतो: पट्टीची रुंदी ०.३ आणि एक पट्टी गायब, हे पहिल्याच फटक्यात कळलं असतं. त्यानंतर एफ म्हणजे एक्स. तिथेही समलंब नियम नेमका असतो, १०.५. या दोन पायऱ्या चढल्याशिवाय वर्गाकडे जाऊच नकोस.

मेलमध्ये तू लिहिलंस, "एन एक लाख केला की ०.३३३३२३ येतं, मग तेच ठेवू का?" नको ग बाई. एन वाढवून चूक मरत नाही, दडते. दुरुस्त कोडला खऱ्या उत्तराच्या इतकं जवळ जायला दीडशे पट्ट्याही पुरेशा होत्या. आणि जगात बऱ्याचदा एन वाढवणं तुझ्या हातात नसतं.

हे मी धरणाच्या हिशेबात जन्म काढला म्हणून सांगते. पावसाळ्यात पेपरात रोज वाचतेस ना, अमुक हजार क्युसेकने विसर्ग सुरू, धरणात तमुक टीएमसी पाणी? क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट, टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. विसर्गाचा आलेख आणि वेळेचा अक्ष यांच्यामधलं क्षेत्रफळ म्हणजे गेलेलं पाणी. तिथे एफचं सूत्र नसतं, तासातासाच्या नोंदी असतात. मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत तास चोवीस, नोंदी पंचवीस. पुन्हा बोटं आणि फटी. एच इथे १ लिहून चालत नाही, ३६०० लिहावं लागतं, कारण नोंद तासाची आणि क्युसेक सेकंदाचा. तपासणीला आम्ही स्थिर फंक्शनच वापरायचो: ११,५७४ क्युसेक पूर्ण दिवसभर सोडलं की एक टीएमसी होतं. पंचविसाच्या पंचवीस नोंदींत हाच आकडा भरायचा आणि उत्तर १ येतंय का बघायचं. शिवाय अंदाज डोक्यात हवा. खडकवासल्याचा उपयुक्त साठाच दोन टीएमसीच्या आत आहे. एका रात्रीत तिथून वीस टीएमसी गेलं असं कोड म्हणत असेल तर कोड आधी तपास, नदी नंतर.

मग नोंदी दुप्पट करता येत नसताना चारचं गुणोत्तर कसं बघायचं? निम्म्या करून. एकाआड एक नोंद घेऊन उत्तर काढ, मग सगळ्या घेऊन काढ. दोन उत्तरांमधला फरक भागिले तीन, हा तुझ्या चांगल्या उत्तरातल्या चुकीचा बराच विश्वासू अंदाज असतो. वरच्या गणितात करून बघ: ३९.५ आणि ३९.१२५, फरक ०.३७५, त्याचा तिसरा हिस्सा ०.१२५. तो वजा केलास की ३९ हातात. असं करताना तू नकळत सिम्प्सनचा नियमच लिहिलेला असतो.

ही युक्ती लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज माणसाच्या नावाने ओळखली जाते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवता चालवता त्याने २० मे १९१० या दिवसाच्या हवामानाचा अंदाज हाताने आकडेमोड करून काढला. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात दाब जवळपास हललाच नव्हता. त्याने ते उत्तर दडवलं नाही, १९२२ च्या आपल्या पुस्तकात सगळ्या आकड्यांसकट छापलं. म्हणूनच पुढे लोकांना शोधता आलं की दोष त्याच्या बेरजेत नव्हता, सुरुवातीला भरलेल्या नोंदींत होता. तुझ्या जर्नलमध्येही चुकीचं उत्तर आणि ते कसं सापडलं हे लिही. सर मार्क कापतील असं वाटत नाही, आणि कापले तरी लिही.

एक सापळा अजून. तुझी मैत्रीण फॉरऐवजी व्हाइल वापरते असं लिहिलं आहेस: एक्स एकपेक्षा लहान आहे तोवर बेरीज करत जा, एक्समध्ये एच मिळवत जा. तिला सांग, आठ पट्ट्या घेऊन चालव, मग दहा घेऊन. आठला बरोबर येईल. दहाला व्हाइल अकरा वेळा फिरेल आणि स्थिर फंक्शनचं उत्तर १ ऐवजी १.१ होईल. कारण ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी मावत नाही. दहा वेळा मिळवली की बेरीज ०.९९९९९९९९९९९९९९९९ होते, एकाच्या जराशी अलीकडे, आणि व्हाइलला वाटतं अजून जायचंय. एक अष्टमांश मात्र नेमका मावतो. त्यामुळे चार, आठ, सोळा असंच दुप्पट करत बसलेल्याला ही चूक कधीच दिसणार नाही. म्हणून मधूनमधून दहा, सात असे अडनिडे आकडेही घ्यायचे. तू फॉर वापरतेस आणि 'ए + आय गुणिले एच' लिहितेस, तेच ठेव. आणि दोन दशांश संख्यांची तुलना दुहेरी बरोबरच्या चिन्हाने करू नकोस, त्यासाठी मॅथमध्ये इजक्लोज आहे.

रेंज दुरुस्त केलीस की हे करून बघ. ० ते १ मध्ये ४ भागिले (१ + एक्सचा वर्ग) याचं उत्तर पाय येतं. शंभर पट्ट्यांना ३.१४१५७६ मिळेल आणि गुणोत्तर व्यवस्थित चार. मग पायच काढायला दुसरं फंक्शन घे, पाव वर्तुळाचं: १ वजा एक्सचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, गुणिले ४. तोच कोड, तोच टप्पा. इथे गुणोत्तर चार येणार नाही, २.८३ च्या जवळ घुटमळेल. या वेळी कोडला हात लावू नकोस. वर्तुळाचा आलेख काढ, एक्स एकजवळ जाताना त्याचा चढ कसा होतो बघ, आणि काय वाटतं ते मला लिही. तुझ्या बाबाला विचारलंस तरी चालेल, त्याला येणार नाही.

तुझी,
आत्या

ता. क. बेरजेच्या व्हेरिएबलला तू 'सम' हे नाव दिलं आहेस. पायथनचं स्वतःचं त्याच नावाचं फंक्शन आहे. फंक्शनच्या आत आहे तोवर चालतंय, पण बाहेर तसंच लिहिलंस तर खाली कुठेतरी खरी 'सम' बोलावताना तो 'फ्लोटला बोलावता येत नाही' म्हणून अडेल. दुसरं काहीही नाव दे. 'बेरीज' असं देवनागरीतही चालतं, पायथन ३ ला त्याचं वावडं नाही. फक्त कोडमधले आकडे मात्र इंग्रजीतच लिही.